मोडीचा कागद, २००२ ची सीडी आणि लॅपटॉपचा प्रश्न

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पळस्पे फाट्याच्या पुढे, कर्नाळ्याचा सुळका जवळ यायच्या आत शिरढोण लागतं. शाळेच्या पुस्तकात हे गाव एका ओळीपुरतं येतं: वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव, ४ नोव्हेंबर १८४५. माझंही हेच गाव. इंजिनिअरिंग करून मी सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो, तेव्हापासून गावात माझी ओळख ‘कॉम्प्युटरवाला’ अशी आहे. पंखा आणि वायफाय सोडून सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. त्यातला सर्वांत नेहमीचा प्रश्न चुलत बहिणीने यंदा कॉलेजला जाताना विचारला: “दादा, लॅपटॉप घ्यायचाय. विंडोजच घेऊ ना? की ते लिनक्स काय म्हणतोस ते? मॅक तर परवडणार नाही.”

या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. पण त्याला शंभर-सव्वाशे वर्षांचा एक मराठी इतिहास आहे आणि तो मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटला नाही. तो भेटला आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत. त्या ट्रंकेत दोन वस्तू होत्या: एक मोडीत लिहिलेला कागद आणि एक २००२ सालची सीडी. दोन्हींवरचा मजकूर मराठी होता आणि दोन्ही आम्हाला वाचता येत नव्हत्या.

घरात असलेला पण न वाचता येणारा कागद

पनवेल तालुक्यात जुना कागद ही नुसती आठवण नसते. महामार्गाचं रुंदीकरण, विमानतळ, नवे रस्ते, नवी नगरं यांमुळे इथे गेल्या वीस वर्षांत प्रत्येक घराने कधी ना कधी सातबारा, फेरफार आणि त्यामागचे कागद बाहेर काढलेले आहेत. आमच्याकडेही ते निघाले. बाकीचे कागद बाळबोधीत होते. हा एकच मोडीत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या तो जपला होता, कारण तो महत्त्वाचा आहे असं त्यांच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं. त्यात काय आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

मोडी ही मराठीची रोजच्या कामाची लिपी होती. परंपरेने ती यादवांचा मंत्री हेमाडपंत याच्या नावावर सांगितली जाते. आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, अक्षरं लिहीत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड जवळजवळ नाही. हिशेब, पत्रं, खतं, निवाडे, लष्कराच्या याद्या, सगळं मोडीत. देवनागरी, म्हणजे बाळबोध, ही पोथ्यांची लिपी. आजच्या भाषेत सांगायचं तर एकाच भाषेच्या दोन सिस्टीम शेजारीशेजारी चालत होत्या, एक वेगासाठी आणि एक ठळकपणासाठी.

मग छापखाना आला. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरे याच्या छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोडीचे खिळेसुद्धा पाडले होते. पण एकमेकांत गुंतणारी अक्षरं सुट्या खिळ्यांत बसवणं कठीण, आणि बाळबोध त्यामानाने सोयीची. १८३१ चा मोल्सवर्थचा कोश बाळबोधीत छापला गेला. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं, त्यातलं मराठीही बाळबोधीत. पुढे शाळेची पुस्तकं आली, पंचांगं आली, मासिकं आली. छापलेलं सगळं बाळबोध आणि हाताने लिहिलेलं मोडी, अशी विभागणी झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी कामातूनही मोडी हटली आणि साधारण १९५० च्या दशकापर्यंत शाळांतूनही गेली.

कोणी मोडीवर बंदी घातली म्हणून ती गेली असं नाही. जे यंत्र सगळ्यांच्या हाताशी आलं, त्या यंत्राला दुसरी लिपी सोपी गेली, एवढंच. पण त्याची किंमत मोठी होती. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कोट्यवधी कागद आहेत आणि त्यांतले बहुसंख्य कागद आज मराठी एम. ए. झालेल्या माणसालाही वाचता येत नाहीत. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्यांना कालपर्यंत ‘हौशी’ म्हणत होतो, त्यांच्या वाचनावर लोकांचे दाखले अवलंबून राहिले.

आमचा कागद आम्ही एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडे नेला. त्यांनी भिंग घेतलं, चहा बाजूला ठेवला आणि एका दुपारी सगळा वाचून दाखवला. गहाण सुटल्याची पावती होती ती. जमिनीच्या आजच्या हिशेबात तिचा काडीचा उपयोग नव्हता. पण पैसे फेडणारी बाई होती, माझ्या पणजोबांची आई. घरातल्या वंशावळीत तिच्या जागी नुसतं ‘पत्नी’ असं लिहिलेलं होतं. त्या दुपारी तिला नाव मिळालं. आत्या बराच वेळ काही बोलली नाही.

सीडीतला मजकूर

दुसरी वस्तू आजोबांची. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी गावाबद्दलच्या आठवणी एका वहीत लिहिल्या: भातशेती, मिठागरांवर जाणारे मजूर, फडक्यांच्या वाड्याबद्दल जुन्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी, पहिली एस. टी. २००२ मध्ये त्यांनी ती वही पनवेलच्या एका डीटीपीच्या दुकानातून टाइप करून घेतली आणि सीडीवर आणली. मूळ वही २६ जुलै २००५ च्या पुरात भिजून गेली. त्यामुळे सीडी हीच एकमेव प्रत होती. आजोबा गेल्यावर मी ती लावली. फाइल उघडली. पडद्यावर डोक्यावर टोप्या घातलेली युरोपियन अक्षरं, पौंडाची चिन्हं, कंस आणि टिंबं. पन्नास पानं भरून.

हे का झालं ते समजून घेतलं की ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे खऱ्या अर्थाने कळतं.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर म्हणायचं हे ठरवून घ्यावं लागतं. भारतात हे काम लवकर आणि चांगलं झालं होतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅककडे आलं. सी-डॅक ही संस्था १९८८ ची. जिस्टचं कार्ड संगणकाच्या पोटात बसवलं की डॉसवर भारतीय लिप्या दिसत. इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड १९८६ मध्ये ठरला होता आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की नावाचं प्रमाणक जाहीर केलं. त्यात ‘क’ला एक आकडा होता आणि तोच आकडा बंगालीत, गुजरातीत, तेलुगूतही ‘क’च होता. म्हणजे नियम होता, आणि तो सार्वजनिक होता.

पण नव्वदच्या दशकात घराघरांत आणि दुकानादुकानांत आलं ते विंडोज, आणि विंडोज ९५ किंवा ९८ ला देवनागरी येत नव्हती. येत नव्हती म्हणजे काय? ‘क’, हलन्त आणि ‘ष’ एकापुढे एक आले की त्यांचा ‘क्ष’ करून दाखवणं, वेलांटी उच्चारात नंतर असली तरी कागदावर आधी काढणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं, हे सगळं काम खरं तर सिस्टीमचं. त्या वेळच्या सिस्टीमला ते कोणी शिकवलेलंच नव्हतं.

मग मराठी प्रकाशनाने पळवाट काढली, आणि त्या काळात ती फार हुशारीची होती. इंग्रजीच्या फॉन्टमध्ये अक्षरांच्या जागा असतात, जेमतेम अडीचशे. त्या जागांवर इंग्रजी अक्षरांऐवजी देवनागरीचे तुकडे बसवायचे: अर्धा म, काना, वेलांटी, रफार. संगणकाला वाटतं आपण काहीतरी विचित्र फ्रेंच लिहितोय, माणसाला दिसतं मराठी. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे स्वतःचे फॉन्ट, अशा अनेकांनी हे केलं आणि मराठी वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं या फॉन्टांवर उभी राहिली. त्यांचं ऋण मोठं आहे. पण प्रत्येकाने तुकडे आपापल्या क्रमाने बसवले होते. एकाच्या फॉन्टमध्ये जिथे काना, तिथे दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उकार. काही सॉफ्टवेअरना तर संगणकाच्या मागे डाँगल लावल्याशिवाय चालताच येत नसे. फॉन्ट गेला, डाँगल हरवलं, दुकान बंद झालं, की मजकुराचा चिखल.

आजोबांच्या सीडीवर तोच चिखल होता. त्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

मी कोडं सोडवावं तसं बसलो. ‘शिरढोण’ हा शब्द सारखा येणार, ‘आणि’ सारखा येणार, हे धरून कोणतं चिन्ह कशाचा तुकडा आहे याची यादी करत गेलो. बऱ्याच ठिकाणी ‘म’ हा अर्धा म अधिक काना असा दोन तुकड्यांत होता. ‘हिशेब’मध्ये वेलांटी ‘ह’च्या आधी साठवलेली होती, ती उचलून मागे न्यायची. ‘कर्ज’मध्ये रफार ‘ज’च्या नंतर होता, तो पुढे आणायचा. तीन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या. पहिल्या फेरीत प्रोग्रॅमने गावजेवणाच्या वर्णनात ‘आचार्यांनी चुलीवर हंडे चढवले’ असं काढून दाखवलं. आजोबांनी अर्थात ‘आचाऱ्यांनी’ लिहिलं होतं. मराठीतला हा आडवा र हिंदीत नाही, त्यामुळे संगणकावर त्याचे हाल फार झाले.

शेवटी मजकूर बाहेर आला. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. सव्वाशे वर्षांहून जुना कागद एका दुपारी वाचून झाला. वीस वर्षांच्या सीडीला तीन आठवडे लागले, तेही एक इंजिनिअर घरात होता म्हणून. मोडी ‘मेलेली’ आणि सीडी ‘आधुनिक’. तरीही मोडीचा नियम जगाला उघड आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था तिचे वर्ग घेतात, कोणीही दोन-तीन महिन्यांत वाचायला लागतो. सीडीतल्या मजकुराचा नियम एका फॉन्टच्या पोटात होता आणि तो फॉन्ट माझ्याकडे नव्हता.

सिस्टीमला मराठी कधी आलं

ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक, ही त्यामागची कल्पना. देवनागरीचा भाग आपल्याच इस्कीवरून घेतला होता. ‘म’चा क्रमांक २३५०, तो आज तुमच्या फोनमध्येही २३५० आहे. म्हणजे नियम पुन्हा सार्वजनिक झाला. पण नियम असून भागत नाही. तो पाळणारी सिस्टीम लागते.

विंडोजमध्ये देवनागरी पहिल्यांदा नीट आली ती विंडोज २००० मध्ये. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. कॅलिग्राफर, कवी, आयआयटी मुंबईत शिकवलेले, आयुष्यभर भारतीय अक्षरांमागे लागलेले मराठी गृहस्थ. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं. त्यात देवनागरी होती, पण झोपलेली. सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत टिक करायची आणि मग ते मूळ सीडी मागायचं. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या संगणकांत मूळ सीडी कुठली असायला! त्यामुळे २००५ ते २०१० च्या काळात कित्येक सायबर कॅफेत मराठी म्हणजे चौकोन चौकोन चौकोन. तरीही त्याच काळात बरहा, गमभन यांसारख्या साधनांवर लोक लिहीत होते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला होता. ही सगळी माणसं सिस्टीमच्या मर्जीविरुद्ध मराठी लिहीत होती.

लिनक्सची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही सिस्टीम कोणालाही उघडून बदलता येते. तिला मराठी यावं असं वाटलं तर कोणाच्या परवानगीची गरज नव्हती, फक्त काम करावं लागणार होतं. २००० च्या आसपास इंडलिनक्स हा स्वयंसेवकांचा गट भारतीय भाषांसाठी उभा राहिला. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने लोहित हे फॉन्ट खुले केले. मराठी भाषांतरं बहुतेक हौसेने झाली आणि त्यांत मजा होती: कोणी ‘फाइल’ला धारिका म्हटलं, कोणी संचिका, कोणी फाइलच ठेवलं. २००७ मध्ये सी-डॅकने बॉस नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती काढली.

मग महाराष्ट्राने लिनक्स का नाही निवडलं? केरळने निवडलं. तिथल्या सरकारी शाळांमध्ये संगणक-शिक्षण मोठ्या प्रमाणावर मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं गेलं. आपल्याकडे २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि त्याच्या एमएस-सीआयटीने खेड्यापाड्यांतल्या लाखो मुलांना पहिल्यांदा संगणकासमोर बसवलं. हे मोठं काम होतं, माझ्या घरातल्या चारजणांनी तो कोर्स केलाय. पण कोर्समध्ये संगणक म्हणजे विंडोज आणि टायपिंग म्हणजे वर्ड. ‘एमएस’ म्हणजे ‘महाराष्ट्र स्टेट’ आहे, मायक्रोसॉफ्ट नव्हे, हे गावात मला अजूनही समजावून सांगावं लागतं. शिवाय संगणक जोडून देणारा माणूस विंडोजची कॉपी फुकट टाकून द्यायचा. फुकटच्या विंडोजपुढे फुकटच्या लिनक्सचं काय चालणार? सिस्टीम ‘निवडली’ असं आपण म्हणतो, पण बहुतेक मराठी घरांत ती निवड असेंबल करणाऱ्याने आणि कोर्सच्या पुस्तकाने आधीच केलेली होती. छापखान्याने बाळबोधीची केली होती तशीच.

आणि गंमत अशी की, आज यातला बराच वाद मिटला आहे. देवनागरीतला ॲ २००८ मध्ये युनिकोडमध्ये आला. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची वर्णमाला प्रमाणित झाली. २०१४ मध्ये तर मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. २०१७ पासून फोनवर मराठीत बोलून टाइप करता येतं. विंडोजने २०१९ मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड दिला. आणि ज्या आत्याला लिनक्स हा शब्दही माहीत नाही, ती रोज सकाळी लिनक्सवरूनच ‘शुभ सकाळ’ पाठवते, कारण अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सच आहे.

मग लॅपटॉप कोणता?

आता प्रश्न दुसऱ्या दाराने परत आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. वाढीव सुरक्षा अपडेट घेतले तरी घरगुती वापरासाठी ते ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ च्या पुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या गल्लीत तीन लॅपटॉप असे आहेत की जे उत्तम चालतात, पण नियमाने ‘म्हातारे’ झालेत. त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकलं की ते आणखी काही वर्षं चालतील. उबुंटूच्या २०२४ च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

पण ‘लिनक्स घ्या आणि मुक्त व्हा’ असं मी सांगत नाही. टॅली शिकायची असेल तर विंडोज लागेल. डिजिटल सहीचा टोकन, काही ऑनलाइन परीक्षांचे ब्राउझर, एखादा अडेल प्रिंटर, यांच्यापुढे लिनक्सवाला रडकुंडीला येतो. जिला उद्या सकाळी प्रोजेक्ट द्यायचा आहे, तिला रात्री अकरा वाजता टर्मिनलमध्ये आज्ञा लिहायला लावणं हा काही समाजसुधार नव्हे.

म्हणून बहिणीला मी सिस्टीमचं नाव सांगितलं नाही. चार कामं सांगितली.

पहिलं, दुकानातच मराठी लिहून बघ: ‘दऱ्याखोऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘ॲप’, ‘कर्त्याने’. आडवा र आडवाच दिसला पाहिजे. मग ल आणि श मराठी वळणाचे दिसतात का बघ. दिसले नाहीत तर चांगला मराठी फॉन्ट टाकून दे, तो फुकट मिळतो.

दुसरं, इन्स्क्रिप्ट शीक. पंधरा दिवस बोटं शिव्या देतील. पण हा कीबोर्ड १९८६ पासून आहे, विंडोजवर आहे, लिनक्सवर आहे. ज्या बोटांना इन्स्क्रिप्ट येतं, ती बोटं कोणत्याही एका कंपनीची नसतात.

तिसरं, जे लिहिशील ते युनिकोडमध्येच लिही आणि महत्त्वाचं असेल त्याची एक प्रत साध्या टेक्स्टमध्ये किंवा ओडीटीमध्ये ठेव. ओडीटी ज्या ओडीएफ कुटुंबातलं आहे, ते २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचा नियम कोणालाही वाचता येतो. आजही काही डीटीपीवाले जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून देतात, कारण त्यांची छपाईची घडी त्यावर बसलेली आहे. त्यांच्याकडून पत्रिका छापून घे, हरकत नाही. पण आजीच्या आठवणी टाइप करून घेतल्यास तर युनिकोडची फाइल मागून घे.

चौथं, विकत घेण्याआधी विचार की यातून बाहेर कसं पडायचं. पाच वर्षांनी दुसऱ्या सिस्टीमवर जायचं ठरवलं तर फोटो, वह्या, पत्ते, पासवर्ड सोबत नेता येतील का? ज्या सिस्टीममध्ये याचं उत्तर सरळ मिळतं, ती वापरायला हरकत नाही, मग तिचं नाव काहीही असो.

या चौथ्या प्रश्नावर मी अडून बसतो त्याला गावाचंही एक कारण आहे. फडके पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. दिवसभर सरकारची कागदपत्रं सरकारच्या पद्धतीने लिहायची, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. १८७९ च्या बंडाच्या धामधुमीत त्यांनी स्वतःसाठीही लिहिलं, रोजनिशी आणि आत्मवृत्त. २० जुलै १८७९ ला ते पकडले गेले. ते लिखाण सरकारच्या हाती लागलं, त्याचं इंग्रजी भाषांतर करवून घेतलं गेलं आणि खटल्यात ते त्यांच्याच विरुद्ध पुरावा झालं. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या तुरुंगात ते गेले. माझ्या लॅपटॉपची आणि त्यांच्या रोजनिशीची तुलना करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. मात्र त्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला एवढं कळायला हरकत नाही की लिहिणारा आणि लिहिलेलं ताब्यात ठेवणारा हे दोघं नेहमी एकच नसतात. आज आपलं लिखाण ताब्यात घ्यायला कोणाला घोड्यावर बसून यावं लागत नाही. आपणच ते नेऊन ठेवतो, आणि किल्ली कोणाकडे राहिली ते विचारत नाही.

मी स्वतः घरी लिनक्स वापरतो आणि कंपनीत विंडोज. दोन्हींवर माझी एकच मराठी फाइल उघडते, हे मला दोन्ही सिस्टीमच्या नावांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. बहिणीने शेवटी विंडोजचाच लॅपटॉप घेतला, कारण तिला कॉमर्सला टॅली आहे. इन्स्क्रिप्ट शिकणं चालू आहे, मिनिटाला बारा शब्दांपर्यंत आली आहे. शासकीय टायपिंग परीक्षेला मराठीचे तीस लागतात. सरावासाठी तिला मजकूर हवा होता, तेव्हा मी आजोबांच्या आठवणींची फाइल दिली. सध्या ती मिठागरांच्या प्रकरणावर आहे आणि रोज संध्याकाळी फोन करून एखाद्या शब्दाचा अर्थ विचारते. परवा विचारलेला शब्द मलाही आला नाही. आत्याला आला.